दुसरा रिमोट

यंदाच्या जूनमध्ये एका शनिवारी टोकियोतल्या अकिहाबाराला जाणं झालं. काम म्हणाल तर क्षुल्लक, मुलाच्या कीबोर्डची एक केबल हवी होती. आमच्या ऑफिसातले एक सीनियर त्याच भागात राहतात. पन्नाशी ओलांडलेले, बोलायला मोजके, चालायला भराभर. म्हणाले, चला, दुकान मी दाखवतो. केबल दहा मिनिटांत मिळाली आणि बाहेर पाऊस सुरू झाला. इथला जूनचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता चिकटून बसतो. वेळ काढायचा म्हणून आम्ही एका अरुंद जिन्यानं जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात चढलो. जुन्या प्लॅस्टिकला एक वास असतो, उन्हात तापलेल्या बादलीसारखा. तो नाकात गेला आणि माझी जीभ सुटली. काचेच्या कपाटात, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, खोक्यासकट एक फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचा जुना व्हिडिओ गेम, ठेवला होता. पांढरा आणि गडद लाल, दोन्ही बाजूंच्या खाचांत दोन रिमोट नीट निजवलेले. मी म्हटलं, आमच्याकडे हाच होता! म्हणजे हा नाही, ह्याची नक्कल. ते 'हो का' म्हणाले आणि खाली बसले. गुडघे कुरकुरले. जमिनीलगत एक क्रेट होता, त्यावर 'जंक' असं लिहिलेलं. इथल्या जुन्या बाजारात त्याचा अर्थ, चालेल न चालेल, नंतर तक्रार घेऊन यायचं नाही. त्यातून त्यांनी एक मशीन उचललं, त्याची जॉयस्टिक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली आणि म्हणाले, "आमच्याकडे हा होता." मी वाकून नाव वाचलं. सेगा, एसजी-१०००. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी 'अरे वा' केलं. त्यावर ते म्हणाले, "त्यामुळे मी मित्रांना घरी बोलवायचो नाही." मशीन परत क्रेटमध्ये ठेवलं, खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि विचारलं, तुम्ही कोणत्या लाईननं जाणार?

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी येऊन मी वाचत बसले. मला वाटत होतं की फॅमिकॉम आधी आला असेल, तो खपला म्हणून मागाहून सेगानं आपलं घोडं दामटलं असेल. तसं नव्हतं. दोन्ही मशिनं एकाच दिवशी बाजारात आली होती, १५ जुलै १९८३ ला, शुक्रवारी. फॅमिकॉम १४,८०० येनला, सेगाचं १५,००० ला. फरक २०० येनचा. त्या दिवशी दुकानात उभ्या असलेल्या एखाद्या बापाला कुठलं उचलावं हे कसं कळणार? निन्टेन्डोकडे 'डाँकी काँग' हा खेळ होता हे खरं, पण सेगाही कुणी सोम्यागोम्या नव्हती. रस्त्यावरच्या गेम सेंटरमध्ये तिचं नाव मोठं होतं. आणि निन्टेन्डो म्हणजे क्योतोमधली १८८९ पासूनची पत्ते बनवणारी कंपनी. आपल्या डोळ्यांपुढे चाळीस वर्षांनंतरचा निकाल असतो, म्हणून त्या बापाची चूक आपल्याला चूक दिसते. मी त्याच्या जागी असते तर बहुधा ज्याचा विक्रेता जास्त गोड बोलला ते घेतलं असतं.

आणि दुकानात ही दोनच थोडी होती! १९८३ हे वर्ष जपानी खेळण्यांच्या दुकानात म्हणजे एखाद्या जत्रेसारखं होतं. घरच्या टीव्हीवर खेळायची सुरुवात तिथे १९७५ मध्येच झाली होती. एपॉक नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीनं 'टीव्ही टेनिस' आणलं, १९,५०० येनचं, आणि गंमत म्हणजे ते टीव्हीला वायरनं जोडायचंच नाही, अँटेनातून चित्र जायचं. मग १९७७ मध्ये निन्टेन्डोनं मित्सुबिशीच्या मदतीनं स्वतःची टेनिसवाली मशिनं काढली. १९८१ मध्ये एपॉकची 'कॅसेट व्हिजन' आली, फॅमिकॉम येईपर्यंत घराघरांत तिचंच राज्य. तिची रचना मला फार आवडली. मशीन जवळजवळ रिकामं, आणि डोकं, म्हणजे प्रोसेसर, कॅसेटच्या पोटात. खेळायच्या मुठी मशीनवरच बसवलेल्या, त्यामुळे दोन मुलांना एकाच डब्यावर वाकून, खांद्याला खांदा घासत खेळावं लागे. ८३ साली ह्या गर्दीत अटारी आपलं २८०० नावाचं मशीन २४,८०० येनला घेऊन उतरली. कॅसिओ उतरली आणि थोड्याच दिवसांत आवरतं घेऊन गेली. गाक्केन ही शाळकरी पुस्तकं-मासिकं काढणारी प्रकाशन संस्था, तिनं ८,८०० येनमध्ये 'टीव्ही बॉय' काढला आणि त्यासाठी सगळे मिळून सहा खेळ. सहा! त्या सहा खेळांचा मालक असलेला मुलगा आज कुठे असेल, त्याचीही एखादी गोष्ट असेल.

ह्या सगळ्यांत निन्टेन्डोनं काय वेगळं केलं ते सांगताना लोक लगेच मारिओवर येतात. पण 'सुपर मारिओ' १९८५ मध्ये आला. त्याआधीची गोष्ट मला जास्त धीट वाटते. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची, स्वभावानं करडे, स्वतः गेम न खेळणारे. त्यांनी आपल्या इंजिनियरला, मासायुकी उएमुरांना, सांगितलं की कॅसेट बदलता येईल असं मशीन कर, स्वस्त कर आणि दुसऱ्यांना लवकर गाठता येणार नाही असं कर. उएमुरा आधी शार्पमध्ये होते. निन्टेन्डोला प्रकाशाची चाहूल घेणारे सेल विकायला आले आणि इथेच रमले. स्वस्त आणि सरस हे एका मशीनमध्ये बसेना. चिप बनवायला मोठ्या कंपन्या तयार होईनात. रिको नावाची कंपनी तयार झाली, कारण तिच्या कारखान्याला पुरेसं काम नव्हतं. तिनं विचारलं, किती घेणार? निन्टेन्डोनं दोन वर्षांत ३० लाख चिप घेऊ असं कबूल केलं. ज्या देशात १० लाख मशिनं खपली तरी बाजार दणाणला म्हणायचे तिथे हा आकडा. ह्याला धंद्याची दूरदृष्टी म्हणायचं ते नंतर. त्या दिवशी तो जुगारच होता, आणि पत्ते विकणाऱ्या घराण्याला तो शोभलाही. बरं, सुरुवात काही झोकात झाली नाही. पहिल्या रिमोटची बटणं चौकोनी आणि रबरी होती, ती अडकून बसायची. त्यात चिपमधल्या एका दोषामुळे खेळता खेळता मशीन गोठायचं. शेवटी मशिनं परत मागवून आतला बोर्ड बदलून दिला आणि बटणं गोल, कडक प्लॅस्टिकची झाली.

पण मला जे सापडलं आणि ज्यानं माझी झोप गेली ते दुसऱ्या रिमोटबद्दल होतं.

फॅमिकॉमच्या पहिल्या रिमोटवर मध्यभागी सिलेक्ट आणि स्टार्ट अशी दोन बटणं. दुसऱ्यावर ती नाहीतच. म्हणजे दुसऱ्या खेळाडूला खेळ सुरू करता येत नाही, थांबवता येत नाही, निवडता येत नाही. त्यानं फक्त खेळायचं. त्या रिकाम्या जागेत उएमुरांनी एक बारीक माईक बसवला होता आणि आवाज कमीजास्त करायची एक सरकपट्टी. माईकमध्ये बोललं की तुमचा आवाज टीव्हीतून बाहेर येतो. पोरांना स्वतःचा आवाज टीव्हीतून ऐकायला मजा येईल एवढाच विचार. 'झेल्डा' ह्या खेळाच्या जपानी आवृत्तीत तर मोठ्या कानांचा एक शत्रू आहे, तो माईकमध्ये ओरडलं की मरतो. दुसऱ्याला सुरू करता येत नाही, पण ओरडता येतं! हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. कारण मी आयुष्यभर दुसरा रिमोट होते.

सांगलीला आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो ९६ च्या मे महिन्यात. काकांनी मुंबईहून आणला, लॅमिंग्टन रोडवरून. खोक्यावर हात लांब केलेला एक दांडगा माणूस आणि मागे स्फोट. तो माणूस आतल्या कुठल्याही खेळात नव्हता. 'व्हिडिओ गेम' हे त्या वस्तूचं नाव होतं, जसं मिक्सर किंवा इस्त्री; निन्टेन्डो हा शब्द मी पुढे अकरावीत ऐकला. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, ह्याची खुपसायची आणि चॅनलचं चाक फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं, हे काम दादाचं. दादा म्हणजे काकांचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मशीन त्याचं, पहिला रिमोट त्याचा. तैवान-चीनच्या त्या नक्कलकारांनी मूळ वस्तूतलं काय काय गाळलं होतं, पण दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट नसणं मात्र इमानदारीनं उचललं होतं. माईक तेवढा गाळला. त्यामुळे मला सुरूही करता येत नव्हतं आणि ओरडायचं तर स्वतःच्याच गळ्यानं. उलट दोन जादा बटणं दिली होती, दाबून धरली की आपोआप गोळ्या सुटत राहायच्या. जपानात ताकाहाशी मेइजिन म्हणून हडसन कंपनीचा एक माणूस सेकंदाला १६ वेळा बटण दाबतो म्हणून पोरांचा देव झाला होता. आम्हाला ते तप न करता वरदान मिळालेलं. हाच माणूस पोरांना सांगायचा, गेम दिवसाला एकच तास. हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आई, हे तू आत्ता बनवलंस.

कॅसेट. ह्या शब्दाचीही मौज वाटते, कारण जपानी पोरंही तिला 'कासेत्तो'च म्हणायची. आत टेप नाही, फिरणारं काही नाही, तरी दोन्हीकडे कॅसेट. आमच्या पहिल्या कॅसेटवर ९९९९९९ इन १ असं लिहिलं होतं. लावली की समुद्रकिनारा, माडाची झाडं, उडणारे पक्षी आणि एक गोड, रडवेली धून. मग यादी, जी संपतच नाही. पहिले सात-आठ खेळ खरे, पुढे तेच पुन्हा, कुठे दुसऱ्या पातळीपासून सुरू, कुठे नुसतं नाव बदललेलं. दादा आणि मी एकदा सुट्टीत पाच हजारांपर्यंत गेलो होतो, पुढे काहीतरी वेगळं निघेल ह्या आशेवर. अडॅप्टर एवढा तापायचा की आजी म्हणायची त्यावर पापड भाजून निघेल. चित्र थरथरलं की कॅसेट काढायची, तोंडापाशी धरून एक लांब फुंकर, पुन्हा दाबून बसवायची. फुंकरीनं काही होत नाही, उलट ओल जाऊन पितळी दातांना गंज धरतो, हे पुढे कळलं. काढून पुन्हा बसवल्यानंच चालत असणार. पण त्या फुंकरीवरचा आमचा विश्वास अंगाऱ्यावरच्या विश्वासाइतका पक्का होता.

आता त्या दुसऱ्या मशीनकडे येते. मी घरच्या काँप्युटरवर दोन्हींचे त्या वेळचे खेळ शेजारी शेजारी लावून बघितले. सेगानं बाजारात तयार मिळणाऱ्या चिप वापरल्या होत्या. झेड-८० जातीचा प्रोसेसर आणि चित्रासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, अमेरिकेतल्या कोलेकोव्हिजनमध्ये असलेलीच जोडी. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शहाणपणच होतं. पण त्या चिपला पडदा सरकवता येत नाही. म्हणजे माणूस चालत पुढे गेला की मागचं चित्र हळूच, लोण्यासारखं सरकायला हवं; ते इथे आठ-आठ ठिपक्यांच्या उड्या मारत जातं. एसटी पहिल्या गिअरमध्ये हिसके देत निघते ना, तसं. हलणारी चित्रं एका आडव्या रेषेत चार. पाचवं आलं की गायब. आणि प्रत्येक चित्र एका रंगाचं. फॅमिकॉमच्या रिकोनं घडवलेल्या चिपमध्ये रेषेला आठ चित्रं, प्रत्येकात तीन रंग, आणि पडदा एकेक ठिपका सरकणारा. आपण मारिओला पळवत नेतो तेव्हा मागच्या ढगांचं आणि झुडपांचं ते विनासायास सरकणं, त्या जुगारातून आलेलं आहे. तंत्रज्ञ नसलेल्या मुलाला ह्यातलं काही कळत नसणार. पण मित्राकडून खेळून घरी आल्यावर आपल्या टीव्हीवर काहीतरी अडखळतंय, एवढं त्याला कळत असणार. पोरांना अशा गोष्टी लगेच कळतात. आपल्या डब्यातली पोळी आणि शेजारच्याच्या डब्यातली पोळी ह्यातला फरक जसा न चाखता कळतो.

तरी सेगाचं मशीन आपटलं असं म्हणता येणार नाही. कंपनीला ५० हजार खपतील असं वाटलं होतं, पहिल्या वर्षात १ लाख ६० हजार खपली म्हणतात. सेगाच्या लोकांच्या हिशेबानं ते यश होतं. फॅमिकॉम मात्र वेगळ्याच गणितानं वाढला. १९८४ मध्ये हडसन आणि नामको ह्या बाहेरच्या कंपन्या त्याच्यासाठी खेळ काढू लागल्या, मग रांगच लागली. शेवटी एकट्या जपानात १ कोटी ९३ लाखांहून जास्त. असे आकडे झाले की मशीन वस्तू राहत नाही, वर्गातली भाषा होते. दप्तरात कॅसेट घालून शाळेत न्यायची, देताना बजावायचं, घेताना शपथ घ्यायची. हरवू नये, कुणी लाटू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवर मार्करनं आपलं नाव लिहायचं. इथल्या जुन्या दुकानांत अशा नाव लिहिलेल्या कॅसेटी अजून मिळतात. थरथरत्या हिरागाना लिपीत, कधी आईच्या सुबक अक्षरात. अशा कॅसेटी जमवून मूळ मालकाला शोधून परत देण्याचं व्रत घेतलेला एक माणूसही जपानात आहे. मला तो मनापासून आवडला. जपानी आया-आज्या पुढे सगळ्याच गेम मशीनना 'फॅमिकॉम' म्हणू लागल्या, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. मग ज्याच्या घरी सेगा आहे त्याची आजीसुद्धा 'तुझा फॅमिकॉम बंद कर' म्हणत असेल. काय वाटत असेल त्याला?

इथे मला वरच्या मजल्यावरचा मुलगा आठवला.

आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. त्याचे वडील कुवेतला. वर्षातून एकदा यायचे, तेव्हा जिन्यात अत्तराचा आणि खजुराचा वास. त्यांनी त्याच्यासाठी काळा, गोल टोपीसारखं काहीतरी डोक्यावर असलेला व्हिडिओ गेम आणला होता. तो त्याला 'सेगा' म्हणायचा. आज कळतं की तो मेगा ड्राइव्ह असणार. आमच्या मशीनपेक्षा कितीतरी पुढचा, खरा, खोक्यावरचं चित्र आणि आतला खेळ एकच असलेला. आम्ही सगळी पोरं एकदा बघायला गेलो. दादानं आपली कॅसेट बरोबर घेतली होती. ती तिथे बसेना. त्याची कॅसेट खाली आणून बघितली, तीही बसेना. दादानं तिथेच निकाल दिला, "त्याचं आपल्याला काही उपयोगाचं नाही." बिल्डिंगमध्ये तेव्हा चार घरांत आमच्यासारखी मशिनं होती, कॅसेटी फिरत असायच्या. 'काँट्रा' दोन दिवस ह्याच्याकडे, दोन दिवस त्याच्याकडे, मध्ये भांडण. त्या फिरण्यात वरचा मुलगा कुठेच नव्हता. त्याच्याकडे दोन कॅसेटी होत्या, त्या दोनच राहिल्या.

मी एकदा एकटी वर गेले होते. काकूंनी हळदीकुंकवाचं ताट परत द्यायचं म्हणून पाठवलं होतं. तो जमिनीवर बसून सॉनिक खेळत होता. निळा साळिंदर, हिरव्या टेकड्या, आणि तो वेग! आमच्या मारिओला दम लागला असता. मी दारातच उभी राहिले. त्यानं खेळ थांबवला आणि हातातला रिमोट माझ्यापुढे धरला. तो खेळ एकट्यानं खेळायचा, त्यात दुसरा कुणी नसतोच. म्हणजे माझ्यासाठी त्यानं आपला डावच सोडला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा स्टार्ट दाबलं ते त्या दिवशी. तिसऱ्या उडीला काट्यांवर पडले, तो म्हणाला, परत कर. पाच-सहा वेळा 'परत कर' म्हणाला असेल. नंतर मी पुन्हा वर गेले नाही. का गेले नाही ह्याला काही कारण सापडत नाही, आणि तेच बोचतं. भांडण झालं असतं तर बरं होतं. दादा चिडला असता असंही नव्हतं. खाली सगळे होते, आरडाओरडा होता, माझा दुसरा रिमोट होता. वर्षभरानं ते लोक मिरजेला राहायला गेले.

परवा सॉनिकबद्दल वाचताना कळलं की त्याचा प्रोग्राम लिहिणारे युजी नाका सेगात नवे असताना त्यांचा पहिला खेळ ह्याच एसजी-१००० साठी होता, 'गर्ल्स गार्डन'. एक मुलगी अस्वलं चुकवत फुलं गोळा करते. हिसके देत सरकणाऱ्या मशीनवर ज्यानं फुलं वेचायला लावली त्यानंच पुढे तो वेग लिहिला. पण सेगाची तारखांशी काय दुश्मनी होती कोण जाणे. पहिलं मशीन फॅमिकॉमच्या दिवशीच. नवं, सुधारलेलं, छान सरकणारं मार्क ३ आणलं २० ऑक्टोबर १९८५ ला. त्याच्या पाचच आठवडे आधी, १३ सप्टेंबरला, 'सुपर मारिओ' येऊन बसला होता. मग दणकट मेगा ड्राइव्ह आणला २९ ऑक्टोबर १९८८ ला. सहा दिवस आधी 'सुपर मारिओ ३'. मध्येच १९८७ मध्ये हडसन आणि एनईसीनं पीसी इंजिन नावाचं मशीन आणून जपानातली दुसरी खुर्चीही बळकावली. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये सेगाला माणसं भेटली, माया मिळाली. घरच्या अंगणात कायम उभंच राहावं लागलं. २००१ मध्ये कंपनीनं मशिनं बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षी सॉनिक निन्टेन्डोच्या मशीनवर गेला. कॅसेट शेवटी बसली म्हणायचं.

हे सगळं मी ऑफिसात त्या सीनियरना सांगायला गेले नाही. त्यांचं ते वाक्य एकदाच बाहेर आलं होतं; पुन्हा छेडणं बरं दिसलं नसतं. ऑगस्टमध्ये ओबोनची, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाची, सुट्टी झाली, ते सायतामाला आईकडे जाऊन आले. परतल्यावर दुपारच्या चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि बॅगेतून कागदी पिशवी काढली. आत एक कॅसेट, बेसबॉलच्या खेळाची, एसजी-१००० ची. आईनं माळ्यावरचं आवरताना वेगळी काढून ठेवली होती. मी ती हातात घेतली. फॅमिकॉमच्या कॅसेटपेक्षा वेगळी, लेबलाचा एक कोपरा सुटलेला. उलटी केली तर पाठीवर काळ्या मार्करनं त्यांचं नाव लिहिलेलं, खाली इयत्ता आणि तुकडी. अक्षर मुलाचंच, तुकडीचा आकडा आधी चुकून मग गिरवलेला.

मी म्हटलं, "कुणाला द्यायचात का ही?"

"नाही," ते म्हणाले. "आमच्या वर्गात हे मशीन माझ्या एकट्याकडेच होतं."

मग आम्ही दोघंही जरा वेळ त्या नावाकडे बघत राहिलो. चहा गार होत होता. मी कॅसेट सरळ केली, खालच्या पितळी दातांवर धूळ होती, आणि विचार न करता ती तोंडापाशी नेऊन एक लांब फुंकर मारली. ते एकदम हसले. ऑफिसात त्यांना एवढ्या मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, पलीकडच्या टेबलावरची दोघं वळून बघायला लागली. "मशीन नाहीये हो," ते म्हणाले, "मशीन आईनं केव्हाच टाकून दिलं," आणि कॅसेट घ्यायला हात पुढे केला.